चिखल्यांवरच्या ट्यूबा, पावडरी आणि गमबूट: रावेरच्या एका काउंटरवरून

आमचं कृषी सेवा केंद्र जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात आहे. खतं, ठिबकचे सुटे भाग, फवारणीची औषधं आणि गमबूट. बूट आमच्याकडून जातो म्हणून पायाची तक्रारही आमच्याच काउंटरवर येते. मेडिकलवाल्यासमोर पाय दाखवायला माणूस लाजतो, पण इथे नवा जोड घालून बघताना तो आपोआप उघडा पडतो. गावातल्या निम्म्या लोकांच्या करंगळीशेजारची फट मी पाहिली आहे म्हटलं तर कोणी खोटं पाडणार नाही.

तर आमच्या भागात चिखल्यांवर, म्हणजे पायाच्या बोटांच्या फटीत होणाऱ्या बुरशीच्या दुखण्यावर, लोक काय काय लावतात, त्यातलं काय कामाचं आणि काय घातक, ते लिहितो आहे. कंपन्यांची नावं टाकलेली नाहीत, आणि त्यात वाचणाऱ्याचाच फायदा आहे. एका नावापुढे एखादं अक्षर जोडून त्याच नावाच्या दोन-तीन ट्यूबा बाजारात असतात आणि आतला माल पार वेगळा असतो. नावावर गेलात तर फसाल. मागे बारीक अक्षरात छापलेलं वाचा. फवारणीची बाटली न्यायला आलेल्यालाही मी हेच सांगतो, की घटक बघ, चित्र नको बघू.

चिखल्या पावसाळ्यातच होतात असं आमच्याकडे नाही. केळीच्या बागेत ठिबक जवळजवळ बारा महिने चालू असतं. शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची, म्हणजे सालदार (सालावर ठेवलेला गडी) अंधारात पाणी बघायला वावरात जातो, पाय भिजवून येतो आणि सकाळी तेच पाय पुन्हा बुटात. मृगबाग असो की कांदेबाग (केळीच्या लागवडीचे हे आमचे दोन हंगाम), बुडाशी फुटलेली पिलं काढायला, पानं कापायला, घड उतरवायला आत शिरलं की खाली ओल, वर पानांचं छत, आणि बाहेर उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात. बुटातला घाम वेगळाच. पायाच्या चौथ्या-पाचव्या बोटांमधली जागा सगळ्यात अडचणीची. तिथे वारा लागत नाही आणि ओल सुटत नाही. कातडी आधी पांढरी पडते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगते. बोटं फाकवली की पापुद्रा उचलून येतो आणि खाली लालबुंद ओलसर जागा दिसते. वास येतो. आणि मग बोटाच्या बुडाशी एक बारीक चीर पडते, कधी कधी इतकी बारीक की चष्म्याशिवाय दिसत नाही.

खाज सुटते म्हणून लोक बेजार होतात. मी म्हणतो खाज परवडली, चीर बघा.

पण सांगून उपयोग नसतो. "काय होते भो त्याले," एवढं म्हणून माणूस पुन्हा बुटात पाय घालतो. चिखल्या म्हणजे शेतकऱ्याच्या पायाचा दागिना, अशीच समजूत आहे. दुर्लक्ष करणाऱ्यांत मला दोन जाती दिसतात. एक काहीच न लावणारे. दुसरे काहीतरी चुकीचं लावून 'आपण इलाज केला' म्हणून निर्धास्त झालेले. माझ्या मते दुसरे जास्त धोक्यात, कारण पहिल्यांना निदान खाज तरी आठवण करून देत असते.

आणि इथूनच सगळ्यात वाईट मालावर येतो. ती म्हणजे तीन-चार औषधं एकत्र कालवलेली ट्यूब. आमच्याकडे तिला सरळ 'खाजेची ट्यूब' म्हणतात. मागे वाचलं तर एक बुरशीचं औषध असतं, एक जिवाणूंवरचं, आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असं एक स्टेरॉइड. क्लोबेटासॉल तर लावायच्या स्टेरॉइडांमध्ये सगळ्यात कडक गटातलं. वाचणाऱ्याला वाटेल, तीन औषधं म्हणजे तिप्पट फायदा. होतं उलट. लाली आणि खाज हा अंगाने बुरशीशी चालवलेला झगडा असतो. स्टेरॉइड तो झगडाच दाबून टाकतं. दोन रात्रीत खाज गायब, माणूस खूश, मेडिकलवाल्याचं नाव गावभर. बुरशी मात्र जागेवरच, वर तिला अडवणारं कोणी नाही. ट्यूब बंद केली की आठ-दहा दिवसांत दुप्पट जागेवर उठते. मग पुन्हा तीच ट्यूब. जांघेत लावणाऱ्यांची कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे पडतात, ते नंतर कशानेही जात नाहीत. शिवाय गजकर्णाची जी गोल, उठावदार कड असते ती पुसट होते, म्हणजे पुढे डॉक्टरकडे गेलात तरी त्यालाही चटकन ओळखू येत नाही.

या मलमांवर आधी चिठ्ठीची सक्ती नव्हती. २०१८ साली केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांची ती सूट काढून त्यांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याच गैरवापराविरुद्ध वेगळं कृतिदल काढलेलं आहे. कागदावर सगळं ठीक. काउंटरवर मात्र "मागच्या वेळची द्या" एवढ्यावर काम भागतं. अशा ट्यूबेला माझ्याकडून शून्य. खाज थांबवण्यात ती एक नंबर आहे म्हणूनच शून्य.

घरचं उदाहरण सांगतो. माझे मोठे भाऊ, नाना. शुगर जुनी, गोळ्या चालू, पण पथ्याचा आनंदीआनंद. त्यांच्या उजव्या पायाला चिखल्या वर्षानुवर्षं. जवळच्या बाजारपेठेतल्या एका मेडिकलमधून तीच ट्यूब आणायची, खाज गेली की कोनाड्यात ठेवून द्यायची. गेल्या भाद्रपदात एका संध्याकाळी बागेतून आले आणि हुडहुडी भरली. घरात सगळ्यांना वाटलं मलेरिया. वहिनींनी दोन गोधड्या टाकल्या. रात्री म्हणाले, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलंय, पाय टाकवत नाही. अवधाण म्हटल्यावर मी काटा शोधला, खिळा शोधला, जुनी जखम शोधली, काहीच नाही. पाऊल मात्र लाल, चकचकीत आणि हात लावला तर तवा. सकाळपर्यंत लाली घोट्याच्या वर नडगीवर आली होती. वहिनी म्हणे काहीतरी चावलं असेल, एखाद्या जाणत्याला दाखवू. गाडी काढली आणि थेट जळगाव गाठलं.

तिथे भरती करून घेतलं. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालच्या थरात जिवाणूंचा संसर्ग. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. तिथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट केली ती अजून डोळ्यासमोर आहे. खिशातलं बॉलपेन काढून पायावरच्या लालीच्या कडेकडेने रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली. लाली रेघेच्या बाहेर गेली तर औषध बदलायचं, आत सरकली तर चालू ठेवायचं. आम्ही सगळे आळीपाळीने त्या रेघेकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाली रेघेच्या आत आली तेव्हा वहिनी पहिल्यांदा जेवल्या.

शिरकाव कुठून झाला हे विचारल्यावर डॉक्टरांनी नानांची करंगळी बाजूला केली. बस, ती चीर. कातडी धड असेल तर स्ट्रेप्टोकोकससारखे जिवाणू वरच्या वर राहतात. चिखल्यांनी फट पडली की त्यांना आत जायला वाट मिळते. बुरशी स्वतः कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावरच जगते, खोलवर सहसा जात नाही. आत जातात ते तिच्या मागून येणारे. ही गोष्ट आमच्याकडे कोणाला पटत नाही. 'बुरशीने ताप कसा येईल' म्हणतात. बुरशीने येत नाही, तिने उघडलेल्या दारातून येतो.

आणि एकदा आला की पुन्हा यायची शक्यता वाढते. प्रत्येक वेळी पायातल्या लसिकावाहिन्या, म्हणजे साठलेलं पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या, थोड्या बिघडतात, पाणी नीट वर चढत नाही, सूज राहून जाते. सुजलेल्या पायाची फट आणखी घट्ट, आणखी ओली, म्हणजे पुन्हा चिखल्या. हत्तीरोगाच्या रुग्णांना आरोग्य खातं साबणाने पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करायला शिकवतं ते उगीच नाही. त्यांना वारंवार येणारा ताप आणि सूज बहुतेक वेळा याच फटीतून सुरू होते.

नाना सुटले, बोट राहिलं. शुगरवाल्याचं प्रकरण दर वेळी इतक्यावर मिटत नाही. पायाची जाणीव कमी झालेली असते, चीर दुखतच नाही, म्हणून कोणी बघत नाही. रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर जखम भरत नाही. मग फटीतली जखम खोल जाते, कधी हाडापर्यंत, आणि शेवटी बोट किंवा पाऊल काढायची वेळ येते. शुगर असेल त्याने चिखल्यांवर दुकानातून ट्यूब आणणं हा प्रकारच बंद करावा, सरळ डॉक्टर गाठावा. यात मी कोणाची भीड ठेवत नाही.

दुसरा शून्य मार्कांचा माल माझ्याच दुकानातला आहे, म्हणून जास्त जोर देऊन लिहितो. केळीच्या पानांवर पडणाऱ्या करपा या बुरशीच्या रोगासाठी आम्ही प्रोपिकोनाझोल विकतो. 'बुरशीनाशक' लिहिलेलं असतं. कोणाच्या तरी डोक्यात येतं, पानावरची बुरशी मरते तर पायावरची का नाही? एका सालदाराने झाकणभर घेऊन बोटांमध्ये ओतलं होतं. रात्रभर तडफडला, सकाळी फोड. त्या बाटलीत नुसतं औषध नसतं, ते विरघळवणारे आणि पाण्यात कालवणारे द्रवही असतात. ते कातडीवर लावायसाठी बनवलेलेच नाहीत. कोणी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो लावतं, कोणी मॅन्कोझेबची पूड. पायाला लावतो म्हणाला तर मी बाटली परत कपाटात ठेवतो. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

पण एक खरं आहे, आणि ते समजायला आमच्या धंद्यातल्या माणसाला वेळ लागत नाही. प्रोपिकोनाझोल आणि माणसाला देतात ती इट्राकोनाझोलची गोळी एकाच घराण्यातली, दोन्ही ट्रायझोल. क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल ही पायाला लावायची मलमं, तीही चुलत भाऊ. बागेत एकच औषध सारखं मारलं, तेही अर्ध्या मात्रेत, की करपा दाद देईनासा होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तेच पायावर आणि जांघेत चाललं आहे. अर्धवट लावायचं, खाज थांबली की सोडायचं, पुन्हा लावायचं. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी गजकर्णाची बुरशी भारतात आता सर्रास सापडते. त्या जातीला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं गेलं. नावात आपला देश आला, पण पेढे वाटण्यासारखं काही नाही.

जळगावहून सुटी झाल्यावर नानांना भुसावळला चामडीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमना विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी आहे तो अनुभव हाच, म्हणून जरा सविस्तर.

बाहेरची व्यवस्था सुमार. बाकडं लहान, पंखा एक, उभं राहून पाय भरून येतात, आणि येणाऱ्यांत अर्धे पायाचेच पेशंट. आत गेल्यावर मात्र घाई नाही. मॅडमनी पहिला प्रश्न केला, "काय काय लावलंत आजवर?" नानांनी पिशवी उलटी केली. त्यांनी सगळ्या ट्यूबा टेबलावर मांडल्या, प्रत्येकीची मागची बाजू वाचली आणि दोन ढीग केले. एका ढिगात स्टेरॉइड असलेल्या, दुसऱ्यात नसलेल्या. दुसऱ्या ढिगात एकच होती, तीही मुदत संपलेली. बोलल्या काही नाहीत. नानांनीच मान खाली घातली.

मग बोटं फाकवून पाहिलं, टाच पाहिली, तळवा पाहिला, दोन्ही हातांचे तळवे पाहिले, नखं पाहिली आणि "जांघेत आहे का?" हेही विचारलं. हातांचं कारण नंतर सांगितलं. पायाच्या बुरशीने कधी हाताच्या बोटांवर पाण्याचे बारीक फोड येतात. त्या फोडांत बुरशी नसते, ती अंगाची प्रतिक्रिया असते. माणूस हातावर औषधं लावत बसतो आणि दुखणं पायात. कधी दोन्ही पाय आणि एकच हात धरतं, कारण त्याच हाताने खाजवलेलं असतं.

त्यानंतर तपासणी. ब्लेडने चिखलीच्या कडेचा सुटा पापुद्रा हलक्या हाताने खरवडला, काचपट्टीवर घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून झाकण ठेवलं. त्या थेंबाने कातडीच्या पेशी विरघळून काच स्वच्छ होते आणि बुरशी तशीच राहते. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी कृषीवाला आहे कळल्यावर मलाही बघू दिलं. फिकट हिरवट उजेडात लांब, फांद्या फुटलेले धागे, मधे मधे आडवे पडदे. करप्याचे डाग भिंगाखाली बघितलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटलं. रिपोर्टसाठी जळगाव-नाशिक काही नाही, तिथल्या तिथे निकाल. खर्चही फार नाही. नानांनी इतक्या वर्षांत ट्यूबांवर घातलेले पैसे मोजले तर तपासणी फुकटच पडली असती.

ही तपासणी का हवी, तेही त्यांनी समजावलं. फटीतली प्रत्येक ओल याच बुरशीची नसते. कधी जिवाणूंचा एक प्रकार असतो, तो वूड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात पोवळ्यासारखा लाल चमकतो. कधी हिरवट झाक आणि उग्र वास येतो, ते वेगळेच जिवाणू. कधी कँडिडा नावाची वेगळीच बुरशी, कधी नुसता इसब, कधी सोरायसिस. दिसायला सगळे भाऊ-भाऊ, औषध प्रत्येकाचं वेगळं. अंदाजाने लावलेलं मलम म्हणूनच बऱ्याचदा वाया जातं.

आता कामाच्या मालाकडे. नानांना साधं टर्बिनाफिन एक टक्का मलम मिळालं, दुसरं काही मिसळलेलं नाही. बोटांमधल्या चिखल्यांना हे साधारण एक ते दोन आठवडे लावतात. ल्युलिकोनाझोल दिवसातून एकदा दोन आठवडे, क्लोट्रिमाझोल साधारण चार आठवडे. टर्बिनाफिन बुरशी मारतं, बाकीची बहुतेक तिची वाढ रोखतात, म्हणून दिवसांत फरक. नानांचं प्रकरण स्टेरॉइडने चिघळलेलं, म्हणून मॅडमनी त्यांना जास्त दिवस दिले आणि जोडीला गोळी. लावायची पद्धत कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. पाय धुवायचे, फट टिपून पूर्ण कोरडी करायची, मग पातळ थर, तोही दिसणाऱ्या जागेच्या बाहेर दोन बोटं जाईल असा. खाज गेली, जागा चांगली दिसायला लागली, तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. नानांची कसोटी तिथेच होती. खाज थांबल्यावर त्यांचा हात आपोआप ट्यूब कोनाड्याकडे नेत होता, वहिनींनी कोनाड्यात देवाचा फोटो ठेवून जागाच बंद केली.

या मलमाला पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापला तो एवढ्यासाठी की पहिले दोन-तीन दिवस खाज थांबत नाही, आणि स्टेरॉइडची सवय लागलेल्याला वाटतं हे औषध कुचकामी. थोडा दम धरावा लागतो. महागाच्या ट्यूबेचा हट्ट नको, जनऔषधी केंद्रात विचारा. क्लोट्रिमाझोल तिथे बरंच स्वस्त मिळतं आणि घटक तोच असतो.

पावडरीचं मत वेगळं. बुरशीची पावडर बरी आहे, पण ती राखणीला, इलाजाला नाही. ओल्या फटीत पावडर टाकली की तिचा लगदा होतो आणि तोच बोटांमध्ये घासतो. कोरड्या पायाला आणि रिकाम्या बुटात टाका, तिथे ती चांगलं काम करते. सुवासाची साधी टाल्कम टाकणारे फक्त वास बदलतात. तीन मार्क.

घरगुतीत आमच्याकडे मेंदी पहिली. रात्री वाटून फटीत भरायची. जागा जराशी कोरडी पडते हे खरं, पण रंग असा बसतो की खालची लाली वाढली की कमी झाली काही कळत नाही. शुगरवाल्याला तर मुळीच नको. हळद आणि खोबरेल तेलाने चीर मऊ पडते, बुरशी जात नाही, तेलाने ओल मात्र कोंडते. रॉकेल लावणारे अजून आहेत. त्यांच्याशी मी बोलत नाही.

नखांचं मला वेगळं सांगायचं आहे, कारण तिकडे कोणी बघतच नाही. आमच्या मायच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड, खालून भुसा निघतो. तिच्या मते ते वय. मॅडम म्हणाल्या ही बुरशीच, आणि हे नख म्हणजे बियाण्याचं कोठार. बोटांची फट कितीही साफ केली तरी इथून पुन्हा पेरणी होते. मलमाने नख भागत नाही, वरून आत उतरतच नाही. पायाच्या नखाला टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅमची गोळी रोज, साधारण १२ आठवडे, त्याआधी लिव्हरची तपासणी. आणि गोळी संपली तरी नख लगेच चांगलं दिसत नाही. पायाचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, म्हणजे अंगठ्याचं पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष. मायने गोळी नको म्हटलं, इतर औषधं बरीच चालू आहेत म्हणून मॅडमनीही आग्रह धरला नाही. नख घासून पातळ करून वर लावायचं अमोरोल्फिनचं लॅकर (नेलपॉलिशसारखं औषध) दिलं, आठवड्यातून एकदा. त्याला दोनच मार्क देईन. महाग, आणि फरक मुंगीच्या पावलाने. पण दुर्लक्ष करणंही बरं नाही. जाड नख बुटात दाबतं, खाली जखम होते, आणि शुगरवाल्याची गाडी तिथूनही जळगावच्या वाटेला लागते.

आता माझ्याच मालाचं परीक्षण, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच उणीदुणी काढतो. साधा पीव्हीसी गमबूट साप-विंचवापासून वाचवतो, औषधाचे शिंतोडे अडवतो, चिखलात धुतला जातो. त्याबद्दल पूर्ण मार्क. हवा जायला मात्र त्यात काडीची जागा नाही. दिवसभर घालून माणूस संध्याकाळी काढतो तेव्हा आत पाऊस पडल्यासारखं असतं. म्हणून एक जोड घेणाऱ्याला मी दोन घ्यायला सांगतो. लोक हसतात, म्हणतात विकायचंय याला. विकायचं आहेच, पण एक घालायचा आणि दुसरा कुंपणाच्या खुंटावर उलटा टांगून उन्हात वाळवायचा, याशिवाय उपाय नाही. आत कापडी अस्तर लावलेले बूट मध्ये एकदा मागवले होते. मऊ, पायाला चांगले, आणि वाळायला दोन दिवस. परत पाठवले. मोजे नायलॉनचे नकोत, सुती घ्या आणि रोज बदला. धुतलेले ओले मोजे बुटात वाळवायची आमच्याकडे खास पद्धत आहे, ती बंद करा.

घरात एकाला झालं की टॉवेल वेगळा, हे सांगूनही होत नाही. नाना आंघोळीनंतर आधी पाय पुसायचे, मग तोच टॉवेल वर न्यायचे. जांघेतलं गजकर्ण तिथूनच येतं. आता पायाला वेगळं फडकं आहे, तेही सगळ्यात शेवटी. मॅडमनी आणखी एक सांगितलं ते ऐकून नाना लाजले. पायात बुरशी असेपर्यंत आधी मोजे घालायचे, मग चड्डी. उघड्या पायावरून चड्डी ओढली की बोटांमधलं तिच्या कापडाला लागून वर जातं.

ज्येष्ठात मुक्ताईची पालखी कोथळीहून पंढरपूरला निघते, तेव्हा वारीला जाणारे पावडर मागायला आमच्याकडे येतात. महिनाभराची चाल, मधे पाऊस, रात्री ओल्या मंडपात मुक्काम. त्यांना मी पावडर देतो, पण आधी बोटं फाकवून दाखवायला लावतो. चीर दिसली तर म्हणतो, आधी भुसावळ, मग पंढरपूर. एका म्हाताऱ्या आजीने यावर मला चांगलंच झापलं होतं, तरी पावडर आणि फडकं दोन्ही घेऊन गेल्या.

भुसावळच्या दवाखान्यात जाणार असाल तर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा बरोबर न्या, रिकाम्या असल्या तरी. जायच्या आधी काही दिवस बुरशीचं मलम लावू नका, नाहीतर खरवडीत काही सापडत नाही आणि फेरी फुकट जाते. मेंदी काढूनच जा, बायकांनी नखांचा रंगही. शुगरची शेवटची चिठ्ठी घ्या. पण पाय लाल होऊन तापला असेल, थंडी वाजत असेल तर तिथे नंबर लावत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. एरवी सकाळी माणूस पाठवून नंबर लावावा लागतो, फोनवर घेत नाहीत. बाकड्याबद्दल मी मॅडमच्या कंपाउंडरला दोनदा बोललो आहे, अजून तेच बाकडं आहे.